१९४९ ची गाणी: दोन तासांत ते वळण कसं ऐकवायचं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात सप्टेंबरअखेर हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम आहे. २८ सप्टेंबर लताबाईंचा जन्मदिवस आणि गाव त्यांच्या जन्माचं, त्यामुळे 'लताची सदाबहार गाणी' असा मथळा जवळजवळ ठरलाच होता. असे कार्यक्रम इथे दरवर्षी तीन-चार तरी होतात. म्हणून या वेळी एकच वर्ष घ्यायचं आणि ते १९४९, एवढ्यावर समिती आली आहे: 'महल', 'बरसात', 'अंदाज़', 'बड़ी बहन'.

सभागृह २५० खुर्च्यांचं. वेळ दोन तास, मध्ये दहा मिनिटं चहा. दोन गायिका, एक गायक, की-बोर्ड, अकॉर्डियन, व्हायोलिन, ढोलक-तबला आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). एका सभासदांकडे ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांची पेटी आणि चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर आहे, तोही वापरायची इच्छा आहे.

विचारायचं ते असं. वर्ष बरोबर निवडलंय का, की १९४८ घ्यावं? गाणी कोणती आणि कोणत्या क्रमाने? 'आयेगा आनेवाला'ची ती लांबून येणारी सुरुवात मंचावर जमते का? तबकड्या सभागृहात वाजवताना काय सांभाळायचं? आणि निवेदनात कोणत्या चुका हमखास होतात?

जुनी_पट्टी

वर्ष बरोबर आहे. १९४८ मध्ये 'मजबूर' आणि 'ज़िद्दी' आहेत. गुलाम हैदर आणि खेमचंद प्रकाश यांनी लताबाईंना ओळखलं ते तिथेच. पण एखाद्या संगीतकाराने ओळखणं वेगळं आणि सगळ्या बाजाराने दिशा बदलणं वेगळं. १९४९ मध्ये खेमचंद प्रकाश, नौशाद, हुस्नलाल-भगतराम, श्यामसुंदर, अनिल विश्वास आणि नवे कोरे शंकर-जयकिशन, सगळे एकाच आवाजाकडे वळलेले दिसतात. हे सगळे एका घराण्याचे नव्हेत, एकमेकांच्या गोटातलेही नव्हेत. म्हणून ते वर्ष वळणाचं.

मात्र कार्यक्रम नुसत्या लताबाईंच्या गाण्यांचा केलात तर वळण ऐकूच येणार नाही. आधीचा रस्ता दाखवल्याशिवाय वळण कळत नाही. त्यासाठी 'महल' एवढाच चित्रपट पुरेसा आहे. त्यात राजकुमारींचं 'घबरा के जो हम सर को टकरायें' आहे, जोहराबाई आणि राजकुमारींचं 'ये रात फिर न आयेगी' आहे, आणि लताबाईंचं 'आयेगा आनेवाला' आहे. संगीतकार तोच, गीतकार नक्शब तेच, चित्रपट तोच. फरक उरतो तो गळ्याचा आणि त्या गळ्यासाठी बांधलेल्या चालीचा. राजकुमारींचा आवाज भरीव, मधल्या सप्तकात बसलेला, शब्दाला वजन देणारा. लताबाईंचा बारीक, वर चढणारा, आणि वर गेल्यावरही न फाटणारा. ही दोन गाणी लागोपाठ लावा. मधलं निवेदन एका वाक्याचं, त्याहून जास्त नको.

आणि ती मूळ तबकडीवरूनच लावा. फरक गळ्यांचा आहे, तर तुमच्या दोन गायिकांनी तो दाखवावा ही अपेक्षाच अन्यायाची.

वेळेचा हिशेब: १२० मिनिटांतून चहाची १० गेली, राहिली ११०. तबकडीची चार गाणी धरा, प्रत्येकी साडेतीन मिनिटं आणि वर निवेदन व तबकडी बदलायला दोन, म्हणजे २२. उरलेल्या ८८ मिनिटांत प्रत्यक्ष गाणी चौदा बसतात, गाण्याला चार मिनिटं आणि बोलण्याला दोन धरून. पंधरावं घालू नका. ते नेहमी शेवटच्या गाण्याच्या मुळावर येतं.

क्रम मी असा लावीन. सुरुवात शमशाद बेगम आणि चितळकरांच्या 'मेरे पिया गये रंगून'ने ('पतंगा'). सी. रामचंद्र स्वतः गायलेत म्हटल्यावर आपली मंडळी लगेच सावरून बसतील. मग सुरैयाचं 'वो पास रहें या दूर रहें', आणि त्याच 'बड़ी बहन'मधलं लता-प्रेमलताचं 'चुप चुप खड़े हो'. तुमच्या दोन्ही गायिकांना हे एकत्र मिळेल. पुढे रफींचं 'सुहानी रात ढल चुकी' ('दुलारी'), मग 'अंदाज़'चा गट. चहाच्या आधी 'लारा लप्पा' ('एक थी लड़की'), कारण समूहगाण्यानंतर माणसं हसत उठतात. चहानंतर 'महल'च्या दोन तबकड्या, श्यामसुंदरांचं 'साजन की गलियाँ छोड़ चले' ('बाज़ार'), अनिलदांचं 'मस्त पवन है चंचल धारा' ('जीत'), आणि उरलेला सगळा वेळ 'बरसात'ला.

'बरसात' शेवटी का, तर नवं युग तिथे पूर्ण उभं राहिलेलं आहे. नायिकेसाठी एक आवाज आणि नाचणारीसाठी दुसरा, असा प्रघात होता. 'बरसात'मध्ये नर्गिस, निम्मी आणि 'पतली कमर है'मधली कुक्कू, तिघींना एकच गळा. शिवाय चित्रपटाचं नाव ज्यात येतं ते शीर्षकगीत, मागे कोरस, भैरवी आणि ढोलकीचा ठेका. पुढची वीस वर्षं चाललेला मसाला इथे पहिल्याच पुडीत बांधलेला आहे.

ध्वनीखोली

'आयेगा आनेवाला' तबकडीवरून लावा हे मान्य, पण मंचावर ते जमत नाही असं नाही. जमतं, फक्त नेहमीच्या पद्धतीने नाही.

मुळात काय केलं होतं ते लताबाईंनी अनेक मुलाखतींत सांगितलंय: ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यात, त्या दूर उभ्या राहून 'ख़ामोश है ज़माना' सुरू करायच्या आणि गात गात माइककडे चालत यायच्या. तेव्हा सगळे वादक आणि गायिका एकदमच गात-वाजवत, वेगवेगळे ट्रॅक नव्हते. नंतर प्रतिध्वनी घालून काम भागवण्याची सोयच नव्हती, म्हणून अंतर खरंच चालून निर्माण केलं.

तुमच्या सभागृहात गायिकेच्या हातात साधा डायनॅमिक माइक असणार. तो तोंडापासून वीतभर दूर गेला की आवाज लांबून येत नाही, नाहीसाच होतो. मग ध्वनिव्यवस्थावाला घाबरून गेन वाढवतो आणि शिट्टी वाजते. दोन उपाय आहेत.

पहिला: स्टँडवर एक कंडेन्सर माइक, गायिका विंगेजवळून पंधरा-वीस फुटांवरून येईल. त्या वेळात ढोलक, तबला, अकॉर्डियन यांचे माइक पूर्ण बंद आणि गायिकेच्या बाजूचे मॉनिटरही बंद. मॉनिटर चालू राहिला तर शिट्टी हमखास.

दुसरा, जास्त भरवशाचा: गायिका जागेवरच राहील, अंतर मिक्सरवर करायचं. इथे बहुतेक जण फक्त आवाज हळूहळू वाढवतात. त्याने लांबून आल्याचा भास होत नाही, कुणीतरी रेडिओची कळ फिरवतंय असं वाटतं. माणूस लांब असतो तेव्हा थेट आवाज कमी आणि खोलीत घुमून आलेला जास्त असतो. तो जवळ येतो तसं हे प्रमाण उलटतं. म्हणून सुरुवातीला फेडर (आवाजाची सरकती कळ) बारा-पंधरा डेसिबल खाली, पण रिव्हर्बचा (घुमण्याचा) सेंड वर, आणि तो सेंड प्री-फेडर ठेवलेला, म्हणजे फेडर खाली असला तरी घुमणं कमी होत नाही. मग ओळीगणिक फेडर वर, रिव्हर्ब खाली. ध्रुवपद लागेल तेव्हा आवाज जवळजवळ कोरडा हवा. थोडा खर्जही सुरुवातीला कापा, लांबचा आवाज पातळ येतो.

ती सुरुवातीची पदं तालाशिवाय आहेत. की-बोर्डवाल्याने मेट्रोनोम किंवा तयार रिदम लावला की सगळं बिघडतं. नुसता सूर धरून ठेवायचा, गायिकेने खूण केली की मगच ठेका.

ऑक्टोपॅडबद्दल स्पष्ट सांगतो: या कार्यक्रमात तो मंचावर आणू नका. १९४९ च्या गाण्यांत ढोलक आणि तबल्याच्या थापेनंतर जी रिकामी जागा राहते तिथेच गाणं श्वास घेतं. ऑक्टोपॅडची झांज ती जागा भरून टाकते. की-बोर्डच्या 'स्ट्रिंग्ज'चंही तेच. तो आवाज उठायला वेळ घेतो आणि सरबतासारखा सगळीकडे पसरतो. व्हायोलिन आहे ना तुमच्याकडे? मधल्या संगीतात त्यालाच पुढे करा, की-बोर्ड फक्त आधाराला. तेव्हाच्या वाद्यमेळात बहुतेक वाद्यं गायिकेबरोबर तीच चाल वाजवतात किंवा ओळ संपल्यावर उत्तर देतात, गाताना मागे सतत काही घोळवत नाहीत.

'सुहानी रात' पहाडी आहे आणि संथ आहे. ढोलकवाले दुसऱ्या अंतऱ्यापासून पळतात. तबल्यावर ठेवा.

रामबागकर

मनापासून आभार. ऑक्टोपॅडवाले समितीतल्या एकांचे भाचे आहेत, ते कसं मिटवायचं ते आमचं आम्ही बघतो! तबकड्यांबद्दल कुणी सांगेल का? प्लेअरवर ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत. पण पेटीतली पहिलीच तबकडी लावली तर आवाज दबलेला, घुमट आणि खूप खरखर.

शेलॅक

तिन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे.

खरखर: सुई एलपीची (३३ वेगाच्या, नंतरच्या तबकड्यांची) असणार. एलपीच्या सुईचं टोक ०.७ ते १ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या खाचेला सुमारे ३ मिलचं लागतं. बारीक सुई खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळातल्या धुळीतून घासत जाते. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) पलटी करायची कळ असते, एका बाजूला ७८ ची सुई आणि दुसऱ्या बाजूला एलपीची. आधी ती बघा. नसेल तर ७८ ची वेगळी सुई मागवा. दाब कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला ठेवा, साधारण ३ ते ५ ग्रॅम. आणि अॅम्प्लिफायर मोनोवर. ७८ ची खाच फक्त आडवी हलते; उभ्या हालचालीतून येतो तो निव्वळ गोंगाट, आणि डावा-उजवा एकत्र केला की त्यातला बराचसा आपोआप कटतो.

घुमट आणि दबलेला आवाज: फोनो प्री-अॅम्प एलपीसाठी बनवलेला असतो. त्यातली आरआयएए दुरुस्ती (खर्ज आणि तीव्र स्वरांचा ठरवून दिलेला तोल) १९५४ नंतरची. ती ५०० हर्ट्झच्या खाली खर्ज वाढवते आणि १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल तीव्र स्वर कापते. एचएमव्हीच्या त्या काळच्या तबकड्यांत तीव्र स्वर तसे वाढवून कोरलेलेच नव्हते, आणि खर्जाची मर्यादाही खालची, २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास. म्हणून मिक्सरवर थोडा खर्ज कापा आणि ३ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू उचला, ७-८ किलोहर्ट्झच्या पुढे मात्र सपाट कापा, तिथे खरखरीशिवाय फारसं काही नाही.

धुणं: स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं द्रव, काहीही लावू नका. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख अल्कोहोलात विरघळते; एकदा पुसलंत की खाच गेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा, सुती कापडाने टिपून उभ्या ठेवून वाळवायच्या. पावसाळ्यानंतर पेट्यांत पांढुरकी बुरशी दिसते ती याने जाते. कार्यक्रमाच्या दिवशी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, वाकतात. आडव्या एकावर एक रचल्या तर तळातली तडकते.

शोभेचे नवे पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मिळतात, ते मंचावर ठेवा हवं तर, पण त्यावर खरी तबकडी लावू नका. साउंडबॉक्स जड, पोलादी सुई, आणि तीही प्रत्येक बाजूला नवी लागते. लोक एकाच सुईवर दहा गाणी लावतात आणि तबकडी करवंदासारखी काळी चमकायची थांबून राखाडी होते. तो राखाडी थर म्हणजेच निघून गेलेलं गाणं.

एका बाजूला सव्वातीन, फार तर साडेतीन मिनिटं मावतात. लांब गाणं दोन बाजूंना फोडलेलं असतं, तेव्हा तबकडी उलटायचा वेळ आधी धरा. शिवाय तेव्हा बरीच गाणी चित्रपटासाठी एकदा आणि तबकडीसाठी पुन्हा वेगळी गायली जात. चित्रपटातला अंतरा तबकडीवर सापडला नाही तर ती खराब आहे असं समजू नका.

पेटीत 'महल' नसेल तर पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तुमच्यापासून महूच्या रस्त्यावर. आधी विचारून जा. निदान लेबल डोळ्यांनी बघून घ्या, निवेदनात कामाला येईल. इंटरनेटवरून उतरवणार असाल तर नव्या गायिकांच्या नकला आणि मागून ठेका चिकटवलेल्या आवृत्त्या फार आहेत. सुरुवातीची तालाशिवायची पदं गायब असतील किंवा आवाज दोन्ही कानांत वेगवेगळा येत असेल, तर ती सोडून द्या.

नूतन_मराठी_निवेदक

निवेदनातल्या हमखास चुका, जशा आठवतात तशा.

'बिनाका गीतमालेत पहिलं आलेलं' असं १९४९ च्या कुठल्याही गाण्याबद्दल म्हणू नका, गीतमाला सुरू झाली १९५२ च्या अखेरीस. फिल्मफेअर पुरस्कारही १९५४ पासूनचे. त्या वर्षी कुणाला काही मिळालं असेल तर ते लोकांच्या ओठावर.

'हवा में उड़ता जाये' शैलेंद्र किंवा हसरतच्या नावावर खपवतात. ते रमेश शास्त्रींचं. 'बरसात में हमसे मिले तुम' शैलेंद्रचं, 'जिया बेक़रार है' हसरतचं. आणि शंकर-जयकिशन आकाशातून पडलेले नव्हते. 'आग'मध्ये ते राम गांगुलींचे सहायक होते.

'अंदाज़'चा गट घेताना लोक दचकतील अशी एक गोष्ट सांगता येते. त्यात दिलीप कुमारसाठी मुकेश गायलेत ('तू कहे अगर', 'झूम झूम के नाचो आज') आणि राज कपूरसाठी रफी. पुढे ठरून गेलेल्या जोड्या तेव्हा ठरलेल्या नव्हत्या. 'बरसात'मध्येसुद्धा राज कपूरला 'मैं ज़िंदगी में हरदम रोता ही रहा हूँ' रफींनी दिलंय आणि 'छोड़ गये बालम' मुकेशने. तुमच्याकडे गायक एकच आहे, तेव्हा त्याला दोघांची नक्कल करायला लावू नका.

'महल'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. रेडिओवर गाणं लागलं की श्रोत्यांची पत्रं, ही कोण गाते? मग रेडिओने एचएमव्हीकडून नाव मागवून जाहीर केलं. हे दोन वाक्यांत सांगा आणि लगेच सुई टेकवा. गोष्ट लांबवली की गाण्याचा दम जातो.

इंदूरचा उल्लेख एकदाच: जन्म १९२९, सिख मोहल्ला. बस. सभागृहातल्या अर्ध्या लोकांना तो वाडा कुठे होता हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि चहात त्यावरून वाद होतो. किशोर कुमारला ओढून आणू नका. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला हे खरं, पण त्याचं वर्ष हे नव्हे.

गायिकांसाठी: 'ज़माना', 'ख़ामोश', 'ग़म' यांतले नुक्ते आपल्या मराठी जिभेला जड जातात. 'ज़' म्हणताना आपल्या 'जहाज'मधला 'ज' येतो, तोही चालत नाही आणि 'जीवन'मधलाही नाही. जीभ दातांना न टेकवता, नुसती हवा घासत काढायचा. दिलीप कुमारांनी मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो म्हटल्यावर लताबाईंनी उर्दूची शिकवणी लावली होती, म्हणजे लाजायचं कारण नाही.

चौथा_अंतरा

जुनी_पट्टी यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. 'सगळा बाजार वळला' हे १९४९ ला जरा लवकर लावलंय. त्या वर्षी 'दिल्लगी' आणि 'बड़ी बहन' दोन्ही सुरैयाच्या नावावर चालले, म्हणजे स्वतः गाणारी नायिका अजून गल्ला भरत होती. शमशादही जोरात होत्या. सैगल १९४७ च्या जानेवारीत गेले, नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि जागा रिकामी झाली, हे नेहमीचं स्पष्टीकरणही अर्धंच. जोहराबाई, अमीरबाई, राजकुमारी, गीता रॉय, सगळ्या इथेच होत्या. रिकाम्या जागेवर कुणीतरी बसलंच असतं. पण चाली उंच आणि लांब पल्ल्याच्या होऊ लागल्या आणि त्या पेलणारा गळा एकच निघाला, हे जास्त खरं.

म्हणून माझी सूचना: सुरैयाचं एक गाणं पुरत नाही. 'दिल्लगी'मधलं 'तू मेरा चाँद मैं तेरी चाँदनी' घ्या, श्यामबरोबरचं. वाटल्यास 'लारा लप्पा' काढा. आणि 'अंदाज़'मधलं 'उठाये जा उनके सितम' जरूर घ्या. त्यात नूरजहाँची छाया अजून ऐकू येते, 'बरसात'मध्ये ती बरीच पुसलेली आहे.

जुनी_पट्टी

सुरैयाचं दुसरं गाणं मान्य. 'लारा लप्पा' काढायला मात्र माझी तयारी नाही. हवं तर 'चुप चुप खड़े हो' चहाच्या तोंडावर आणा आणि 'लारा लप्पा' दुसऱ्या स्थानावर. 'लवकर लावलंय' म्हणाल तर वळण म्हणजे मुक्काम नव्हे. दोन्ही रस्ते दिसतात ती जागा.

कायदा_कलम

एक कोरडा मुद्दा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, तेव्हा १९४९ च्या तबकड्या २०१० पासून मोकळ्या. पण शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नौशाद गेले २००६ मध्ये, हसरत १९९९ मध्ये, म्हणजे ती गाणी अजून हक्कात आहेत. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर सादर केलं तर कायद्यात सूट आहे. तिकीट किंवा 'देणगी प्रवेशिका' लावलीत तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आधी घ्या. चित्रफीत यूट्यूबवर टाकलीत तर तबकडीच्या भागावर आपोआप हक्काचा दावा येऊ शकतो, तो भाग वेगळा ठेवा.

रामबागकर

शेवटचं एक. तबकडीनंतर लगेच प्रत्यक्ष गाणं आलं की सूर विचित्र लागतो, ना काळी दोन ना पांढरी दोन. की-बोर्ड बिघडलाय का?

शेलॅक

की-बोर्ड ठीक आहे, वेग तपासा. वेगात ६ टक्के फरक म्हणजे पूर्ण एक पट्टी. ७८ ऐवजी ८० ने फिरली तर सूर ४४ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) चढतो, जवळजवळ पाव स्वर, आणि कान तेवढ्यानेच बिचकतो. ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती कागदावर छापून तबकडीवर ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे ७७.९२ ला रेघा स्थिर दिसतात. साधा पिवळा बल्ब किंवा निऑनचा छोटा दिवा वापरा; बऱ्याच एलईडीत ती लुकलुक नसते आणि रेघा दिसतच नाहीत.

वेग बरोबर असूनही सूर अधलामधला राहिला तर मूळ ध्वनिमुद्रणच तसं आहे, बाजाच्या पेटीचे सूर तेव्हा आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला बांधलेले असतीलच असं नाही. अशा वेळी तबकडीला हात लावू नका. मध्ये अर्ध्या मिनिटाचं निवेदन ठेवा, आणि तानपुरा नव्या पट्टीत निवेदन चालू असतानाच सुरू करा.